एक ते दोनचा तास

उश्या कुठे लपवायच्या यावरून सकाळी आठलाच कारखान्यात दोन तट पडले होते. ज्यांच्या उश्या होत्या ती माणसं अजून कामावर यायचीच होती.

"गच्चीवर टाकू," भावजय म्हणाली.

"गच्ची ती तपासणीवाली बाई आधी बघणार. पाण्याच्या टाकीला झाकण आहे का, हा तिचा चौथा प्रश्न आहे," पुतण्या म्हणाला. कंपनीकडून आलेली सोळा पानांची यादी त्याने परीक्षेसारखी पाठ केली होती.

"मग घरी नेते मी. हातगाडीवर घालून."

"तेरा उश्या घरी नेताना सगळी गल्ली विचारेल, एवढे कोण पाहुणे आले म्हणून."

"मग तूच सुचव काहीतरी! मी बोलले की फाटे फोडायचे, एवढंच येतं तुला."

मालक, म्हणजे भाऊ, दोघांच्या मधे उभा राहून मान एकदा इकडे आणि एकदा तिकडे हलवत होता. "बघू," तो म्हणाला. तो नेहमीच बघू म्हणायचा. आयुष्यात त्याने इतकं काही बघायचं ठेवलं होतं, की आणखी एक जन्म मिळाला तरी ते उरकलं नसतं.

त्याची थोरली बहीण कटिंगच्या लांबलचक टेबलाशी उभी राहून कापडाचे थर अंथरत होती. चाळीस थर, एकावर एक, कडेला कड. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि ते मुद्दाम होतं. भाऊ तिला आक्का म्हणे, भावजय वन्सं, पुतण्या आत्या. पण कारखान्यात ती सगळ्यांची मास्तर. वडिलांनी तिच्या हाती मोठी कात्री दिली तेव्हा ती बावीस वर्षांची होती. कापड बेतून कापणाऱ्या माणसाला मास्तर म्हणतात. हे माणूस बाई निघालं म्हणून हुद्दा बदलायचं कुणाला सुचलं नाही. आता एकोणसत्तर पूर्ण झाली तरी चाळीस थरांतून पातं फिरवावं तर तिनंच.

"आत्या, तू काहीच बोलत नाहीस," पुतण्या शेवटी म्हणाला.

"मी बोलले तर तुला चालणार नाही, सोन्या. म्हणून कापड अंथरते आहे. कापड उलटून बोलत नाही."

"एक दिवसाचा तर प्रश्न आहे!"

"एक दिवसाचा? मग पहिल्या तारखेपासून तास बंद, हे तू परवा कुणाला सांगत होतास? इस्त्रीच्या टेबलाला?"

भावजयीने पदर खोचला, आणि भाऊ खिडकीबाहेर असं काही बघू लागला, जसं काही तिथे त्याला कुणी हाक मारली होती.

तर हा तास म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे.

मास्तर तेव्हा एकोणीस वर्षांची होती, आणि मास्तर व्हायची होती. वडिलांच्या हाताखाली बाह्या जोडायची. एका दुपारी जेवण झाल्यावर तिची पापणी मिटली, फार नाही, एका श्वासापुरती, आणि मशीनची सुई डाव्या हाताच्या तर्जनीतून आरपार गेली. नखातून शिरली आणि खालून निघाली, दोऱ्यासकट. वडिलांनी हाताने चाक मागे फिरवून सुई वर घेतली, दोरा कापला, बोट स्वतःच्या तोंडात धरलं, आणि दवाखान्यातून परत आल्यावर सगळ्या मशीनी बंद करून जमिनीवरच बसले. ते फार बोलणारे नव्हते. म्हणाले, "उद्यापासून एक ते दोन या खोलीत कुणी पायडलला पाय लावायचा नाही. झोपायचं. आणि त्या तासाची मजुरी कापायची नाही. झोप आली हा काही त्या माणसाचा गुन्हा नाही, दुपारचा आहे."

त्याला पन्नास वर्षं झाली. साडेबाराला डबे उघडायचे, एकला मशीनी बंद, आणि सगळ्यांनी आपापल्या जागी आडवं व्हायचं. मास्तर आणि आणखी चौघी कटिंगच्या टेबलाखाली, दोघी तयार कपड्यांच्या गठ्ठ्यांमागे, बाकीचे मशीनींच्या दोन ओळींच्या मधे. उश्या कापडाच्या कात्रणांनी भरलेल्या, प्रत्येकीने आपली आपण शिवलेली. कॉलरवालीच्या उशीला कॉलर होती. बटणवालीच्या उशीला एकही बटण नव्हतं. दिवसभर बटणंच बघते, झोपेत तरी नकोत, म्हणायची. पन्नास वर्षांत या खोलीत कुणाच्या बोटातून पुन्हा सुई गेली नाही.

पण मागच्या वर्षी शाळांच्या गणवेशांचं काम गेलं आणि मशीनींच्या एका ओळीवर चादर पडली. पुतण्या शिकून परत आला होता. त्याने चार महिने पत्रं लिहून लिहून ही कंपनी गाठली. ती परदेशात कपडे विकायची, आणि नुसते कपडे नाही, सचोटीचे कपडे. शिवणाऱ्याला नीट वागवलं आहे याची खात्री करून मगच घ्यायचे, असा त्यांचा बाणा. प्रत्येक सदऱ्याला एक चिठ्ठी लटकवलेली: 'हा सदरा हसऱ्या हातांनी शिवला आहे.' नमुन्याचा सदरा आला तेव्हा कॉलरवालीने ती चिठ्ठी वाचून घेतली आणि म्हणाली, "हातच हसायला लागले तर शिवायचं काय दातांनी?"

काम मिळालं तर चादर निघणार होती, दोन वर्षांची निश्चिंती होती. नाही मिळालं तर बारा माणसांतल्या पाच जणांना घरी बसवावं लागणार होतं. हे मास्तरलाही कळत होतं. म्हणूनच ती ओरडत नव्हती.

"संडास!" पुतण्या एकदम म्हणाला. "दोन आहेत. एकात उश्या भरायच्या, कुलूप घालायचं, वर लिहायचं, 'दुरुस्ती चालू'."

"वा!" भावजय म्हणाली. पोराच्या हुशारीने तिचा चेहरा उजळला.

"बघू," भाऊ म्हणाला, आणि पहिली उशी त्यानेच उचलली.

तपासणीला आलेली बाई दहाला आली. पन्नाशीच्या आतली, सपाट चपला, खांद्याला पिशवी, चष्मा दोरीने गळ्यात. भावजयीने चहा पुढे केला तर म्हणाली, "आधी संडास बघते. चहा नंतर, म्हणजे दोन्हीची मजा राहते."

यादीत संडास अकराव्या पानावर होता.

पहिला बघून झाला. दुसऱ्यासमोर बाई थांबली. चष्मा नाकावर चढवला, पाटी वाचली, कुलूप हातात घेऊन तोललं.

"काय बिघडलंय?"

"नळ," पुतण्या म्हणाला.

"भांडं," त्याच क्षणी भावजय म्हणाली.

"नळ आणि भांडं," भाऊ म्हणाला. उभ्या आयुष्यात त्याने एवढ्या झटपट निर्णय दिला नव्हता.

"हे बघा," बाई शांतपणे म्हणाली, "या वर्षातला हा माझा बेचाळिसावा कारखाना. आमच्या धंद्यात कुलूप लावलेल्या दारावर एकच पाटी असते: आत या. उघडा."

दार बाहेर उघडणारं होतं. तेरा उश्या आधी नुसत्या वाकून बघितल्यासारख्या पुढे झुकल्या आणि मग बाईच्या पायांवर येऊन पडल्या. सगळ्यात वर कॉलर असलेली.

मशीनींचा आवाज थांबला. बाराही माणसं मान वळवून बघत होती. "अगंबाई, माझी!" कॉलरवाली म्हणाली, आणि शेजारणीने तिला कोपर मारलं.

बाईने एक उशी उचलली, दाबून बघितली. आता तिच्या आवाजात चहाची मजा राहिली नव्हती. "इथे माणसं मुक्कामाला ठेवता तुम्ही?"

"नाही नाही! छे!" पुतण्या म्हणाला. "त्या... विकायला आहेत."

"संडासात?"

बाईने वही काढली. "मला तुमच्या माणसांशी बोलायचंय. एकेकाशी, दार लावून. तुमच्यापैकी कुणी आत नको."

ऑफिसची खोली म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि वडिलांचा फोटो. बाई तिथे बसली आणि एकेक जण आत जाऊ लागला. घरचे चौघे बाहेर, कापडाच्या ताग्यांवर रांगेत बसलेले. दवाखान्यात बसतात तसे.

"घाबरू नका," पुतण्या कुजबुजला. "काय बोलायचं ते मी सगळ्यांकडून परवाच घोटून घेतलंय."

मास्तरने त्याच्याकडे वळून पाहिलं. "सगळ्यांकडून?"

"शब्दन् शब्द."

"एकच वाक्य?"

"एकच. म्हणजे गोंधळ नको."

"अरे देवा," मास्तर म्हणाली.

इस्त्रीवाले काका सगळ्यांत शेवटी बाहेर आले. तोपर्यंत बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. त्यांच्या मागोमाग बाई आली आणि दारातच उभी राहिली.

"बटणं लावतात त्या बाईंना मी विचारलं, नाव काय. त्या म्हणाल्या, 'आम्हाला इथे घरच्यासारखं वाटतं आणि कामाच्या वेळात आम्ही कधीही आडवे होत नाही.' मी म्हटलं, अहो नाव विचारलं. तर म्हणाल्या, ते सांगायचं की नाही ते शिकवलं नाही."

खोलीच्या टोकाला बटणवालीने टेबलाखाली काहीतरी पडल्याचं निमित्त करून मान खाली घातली.

"बारा माणसं," बाई म्हणाली, "आणि बाराही जणांनी तेच वाक्य म्हटलं. मी हे काम सतरा वर्षं करते. बारा तोंडांत एक वाक्य म्हणजे एकच गोष्ट: माणसं भ्यालेली आहेत. त्यात या उश्या. मला काय लिहावं लागणार ते तुमच्या लक्षात आलंच असेल. माणसं डांबून ठेवतात, असं."

भाऊ उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं. पुतण्याने सोळा पानांची ती यादी घट्ट धरली होती, बुडणाऱ्याने काडी धरावी तशी.

मास्तरने बोटांवरचा खडू झटकला. "बाई, तुम्हाला परतायची घाई आहे का?"

"नाही. का?"

"मग दोनपर्यंत थांबा. या मुलाने खोटं सांगितलं, पण वाईट काही लपवलं नाही. त्याने चांगलंच तेवढं लपवलं. अशी चूक आमच्याच घरात होते." मग ती आवाज चढवून म्हणाली, "ए, ऐका सगळे! आज रोजच्यासारखं. साडेबाराला डबे. आणि आपापल्या उश्या घेऊन जा, बाईंच्या पायांत पडल्यात."

"मास्तर, खरंच?" कॉलरवालीने विचारलं.

"मग काय, विकायच्या आहेत?"

हशा पिकला. पहिल्यांदा कॉलरवाली हसली, मग बटणवाली, मग बाराच्या बारा. बाई एकेका चेहऱ्याकडे बघत राहिली. भ्यालेली माणसं मालकाच्या पोरावर असं हसत नाहीत, एवढं तिला सतरा वर्षांत नक्कीच कळलेलं होतं.

एकच्या ठोक्याला मशीनी बंद झाल्या. पंखे तेवढे राहिले. दोन मिनिटांत खोली सपाट झाली. कुणी टेबलाखाली, कुणी ओळींच्या मधे. इस्त्रीवाले काका तर पाठ टेकायच्या आधीच घोरू लागले.

उभे राहिले फक्त पाच जण: घरचे चौघे आणि बाई. सगळे कटिंगच्या टेबलाभोवती. मास्तरने वडिलांची आणि सुईची गोष्ट सांगितली. हळू आवाजात, थोडक्यात. बोट दाखवलं. नख अजून मधोमध दुभंगलेलंच उगवायचं.

"मजुरी कापत नाही?" बाईने विचारलं.

"नाही."

"मग हे लपवलंत कशाला?"

"कारण तुमच्या यादीत आहे!" पुतण्या जोरात म्हणाला, आणि टेबलाखालून कुणीतरी त्याच्या पायाला चिमटा काढला. तो कुजबुजीवर आला. "पान नऊ. 'कामाच्या जागी कामगार झोपलेले आढळल्यास...' आणि दुसरं कारण म्हणजे तुमची तारीख. माल पंचेचाळीस दिवसांत हवा, असं तुमचं पत्र आहे. मी दहादा हिशेब केला. हा तास धरला तर बावन्न दिवस लागतात. तास सोडला तर पंचेचाळीस. सात दिवसांसाठी काम दुसऱ्या कुणाला जाईल. मी काय करू मग? आत्याला वाटतं मी राक्षस आहे."

"राक्षस नाही रे," मास्तर कुजबुजली. "राक्षसाला खोटं तरी बरं बोलता येतं."

"वन्सं, त्याला टोचून बोलू नका," भावजय कुजबुजली. "चार महिने झटलाय तो."

"मी कुठे नाही म्हणते?"

"मग त्याचं ऐका ना एकदा. एक हंगाम तास बंद. पुढच्या हंगामात परत सुरू करू."

"बंद केलेला तास परत सुरू होत नसतो. गेलेली झोप कुणी पुढच्या हंगामात आणून देतं का?"

"आक्का, हळू," भाऊ कुजबुजला.

"मी हळूच बोलते आहे!"

"श्शू!" टेबलाखालून आवाज आला.

असं भांडण त्या घरात कधी झालं नव्हतं. त्यांच्या घराण्यात भांडण म्हणजे तीन घरं पलीकडे ऐकू जायचं. आता चौघेही डोळे वटारून, हात नाचवून, आवाज मात्र श्वासाएवढाच काढत होते, आणि त्यामुळे झालं असं की आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एकमेकांचं बोलणं ऐकावं लागत होतं.

मास्तर बाईकडे वळली. "एक विचारू? पंचेचाळीस ही तारीख कुणी लिहिली?"

"खरेदीच्या विभागाने. माझा त्याच्याशी संबंध नाही. मी फक्त कारखाने तपासते."

"म्हणजे माणसं झोपतात का ते तुम्ही बघायचं, आणि त्यांना झोपायला वेळ उरतो का ते दुसऱ्याने ठरवायचं. अहो, मग तपासणी अर्धीच झाली की."

बाईने चष्मा काढला. बराच वेळ ती काचा पुसत राहिली, त्या स्वच्छच होत्या तरी.

"बेचाळीस कारखान्यांत हे मला कुणी म्हटलं नाही," ती शेवटी म्हणाली. "सगळीकडे तारखेला हो म्हणतात आणि मग माणसांना पिळतात. आणि मग मला तिथे सगळं छान दिसतं, कारण मी जाते त्या दिवशी छानच असतं." तिने वहीतलं कोरं पान काढलं. "मी एक करू शकते. एक ते दोन विश्रांती, मशीनी बंद, मजुरी चालू, हा या कारखान्याचा नियम आहे, असं लेखी द्या. खाली मालकाची सही. मग मी ते पान जोडून सरळ लिहिते, की नियम चांगला आहे आणि तारीख चुकीची आहे, बावन्न दिवस द्या. ते देतील का, हे मात्र मला सांगता येणार नाही. चिडून काम काढूनही घेतील. आणि सही केलीत की मागे फिरता येणार नाही. पुढच्या वेळी मी याच पानावरून तुम्हाला तपासणार."

"बाबा, सही करू नका," पुतण्या कुजबुजला. "पाच माणसं घरी बसतील. त्यांना काय सांगणार? झोपा म्हणून?"

हे मात्र मास्तरला लागलं. कारण ते खोटं नव्हतं. टेबलाखाली झोपलेल्या चौघींपैकी दोघी त्या पाचात होत्या, आणि त्यांचे उघडे तळवे तिला तिथून दिसत होते. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, की आपण चुकत असू तर?

भाऊ तिच्याकडे बघत होता. मग मुलाकडे. मग सवयीने बायकोकडे.

भावजय त्या पानाकडे बघत होती. ती इतका वेळ गप्प राहणाऱ्यांतली नव्हती, म्हणून सगळेच थांबले.

"हा पोटात होता ना," ती कुजबुजली, "तेव्हा मी काज करायचे. सातवा लागेपर्यंत. मामंजींनी मला या टेबलाखालची जागा दिली होती, वारा येतो म्हणून. दुपारभर हा लाथा मारायचा आणि एक वाजला की गप्प. बरोब्बर एकला." ती मुलाकडे वळली. "तुझी पहिली झोप इथली आहे, बाळा. बंद करायची तर तुझ्या हातानं नको."

"आई, तू माझ्या बाजूने होतीस!"

"आहेच की. म्हणून तर सांगते."

"बघू," भाऊ म्हणाला.

मास्तरने डोळे मिटले. भाऊ बघू म्हणाला की ते काम झालं नाही असं समजायचं, हा तिचा साठ वर्षांचा अनुभव. पण त्या दिवशी कागद सरकल्याचा आवाज झाला. भावाने हात पुढे केला होता. "बघू ते पान," तो म्हणाला. "आणि पेन द्या. आक्का, तू सांग, मी लिहितो. वडील काय म्हणाले होते, अगदी तसंच."

ती सांगत गेली, तो लिहीत गेला. 'गुन्हा नाही, दुपारचा आहे' हेही त्याने लिहिलं. बाई म्हणाली, एवढं लागणार नाही. तो म्हणाला, असू द्या. मग त्याने सही केली, ठळक, खाली दोन रेघा ओढून.

"आणि काम गेलं तर?" पुतण्याने विचारलं.

"तर मी फिरेन. गणवेशवाल्यांकडे जाईन, हॉस्पिटलांत जाईन, पडदे शिवू. इतकी वर्षं मी नुसता खुर्चीत बसलो, आता जरा पाय मोकळे करतो."

"मालक," टेबलाखालून बटणवालीचा आवाज आला, झोपेत बोलावा तसा, "सही झाली का?"

"झाली."

"मग दोनला सविस्तर भांडा. आता झोपू द्या."

कुजबुजत हसणं फार अवघड असतं. बाईला ते जमलं नाही. तिला रुमाल तोंडात धरून गॅलरीत जावं लागलं.

त्यानंतरचे नऊ दिवस बरे नव्हते. पुतण्या वेळेवर यायचा, काम करायचा, आत्याशी कामापुरतं बोलायचा. भाऊ खरोखरच फिरत होता. दोन हॉस्पिटलांनी त्याला पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं होतं, आणि पुढच्या आठवड्यात या म्हणजे काय, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! कॉलरवालीने एकदा मास्तरला बाजूला घेऊन सांगितलं, "आमच्यापैकी कुणी घरी बसायचं झालं तर मला सांगा. माझा मुलगा कमावता आहे. पण शेजारणीला नको." मास्तरने तिला कामाला लाग म्हणून परत पाठवलं, आणि मग बराच वेळ तिला खडूची रेघ सरळ ओढता आली नाही.

दहाव्या दिवशी एक वाजला, मशीनी बंद झाल्या, मास्तर टेबलाखाली शिरली. गुडघे करकरले. एका बाजूला बटणवाली, दुसऱ्या बाजूला कॉलरवाली. तिला झोप आली नाही. टेबलाखालून खोली दिसत नाही, फक्त जमीन दिसते आणि जमिनीवर जे काही चालतं ते. ती मशीनींचे पाय मोजत पडली होती.

ऑफिसात फोन थरथरला. एकदाच.

थोड्या वेळाने ऑफिसचं दार उघडलं आणि पुतण्याचे बूट बाहेर आले. पॉलिश केलेले, टोकदार; चालताना आवाज करायचे म्हणून बायका त्यांना घोडा म्हणत. बूट खोलीच्या मध्यापर्यंत आले आणि थांबले. दोन्ही टाचा उचलल्या गेल्या, जसं माणूस आता मोठ्याने ओरडणार असतो.

टाचा परत खाली टेकल्या. अगदी हलकेच. मग एक हात खाली आला, नाडी सुटली, एक बूट निघाला, मग दुसरा. बूट भिंतीकडेला ठेवले गेले, शेजारी शेजारी. आता नुसते मोजे. उजव्या मोज्याला अंगठ्याशी भोक. शिवणाऱ्यांच्या घरात, आणि मोज्याला भोक, ती मनात म्हणाली.

मोजे जागच्या जागी उडाले. एकदा, दोनदा, तीनदा. कापूस पडावा तसा आवाज.

भावाच्या चपला ऑफिसातून घाईघाईने आल्या आणि मोज्यांसमोर थांबल्या. भाऊ काहीतरी बोलायला गेला असावा, कारण "श्शू!" असं ऐकू आलं, आणि मग इतक्या हळू की पंख्याच्या वाऱ्यानेच ते तिच्यापर्यंत आणलं: "बावन्न. बावन्न दिले, बाबा."

चपला डगमगल्या. मोज्यांच्या टाचा वर झाल्या आणि बराच वेळ वरच राहिल्या. बाप उंच होता; त्याच्या गळ्यात पडायचं तर चवड्यांवरच उभं राहावं लागायचं.

मग दोघेही तसेच उभे राहिले. कुणी कुणाला उठवायला आलं नाही.

बटणवालीने कूस बदलली. "काय झालं, मास्तर?" ती डोळे न उघडता पुटपुटली. "वाजले किती?"

"एक वाजून दहा," मास्तर म्हणाली. "झोप तू. अजून खूप वेळ आहे."